इतिहासाची ओजेटी आपल्याच गावात कशी करायची

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एम.ए. इतिहासच्या पहिल्या वर्षाला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकणं) नाहीतर फील्ड प्रोजेक्ट आलाय, बी.ए.लाही कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला आहेच, आणि दरवर्षी पोरं येऊन विचारतात की मॅडम, कॉमर्सवाले बँकेत जातात, सायन्सवाले लॅबमध्ये जातात, आम्ही इतिहासवाल्यांनी कुठं जायचं? मग कोणीतरी ओळखीच्या ऑफिसातून सही-शिक्का आणतो आणि तास कागदावर भरून टाकतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण एकीकडे गावागावात कोणीच न नोंदवलेला इतिहास पडलाय, जीर्णोद्धारात दगड गायब होतायत, जुन्या रजिस्टरांना वाळवी लागतेय, माहिती असलेली म्हातारी माणसं जातायत, आणि दुसरीकडे आपल्याकडे शेकड्यानं मुलं आहेत ज्यांना काम हवंय. म्हणून हे सविस्तर लिहितेय. चार क्रेडिट म्हणजे बहुतेक ठिकाणी १२० तास धरतात (तुमच्या विद्यापीठाचं सर्क्युलर एकदा बघून घ्या), आणि १२० तासांत नीट ठरवलं तर गावाला पुढची पन्नास वर्षं उपयोगी पडेल असं काम होतं.

आधी विषय. विषय छोटा घ्या, अगदी छोटा. ‘आमच्या तालुक्याचा इतिहास’ हा विषय घेतला की मुलं इंटरनेटवरून चार पानं उतरवतात आणि तिथंच संपतं. त्याऐवजी एक बारव, एका देवळाभोवतीचे वीरगळ (लढाईत मेलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), एक तालीम, एक बंद पडलेली टुरिंग टॉकीज, आठवडी बाजार, साखर कारखाना उभा राहिला तेव्हाची कामगारांची पहिली पिढी, असं काहीतरी हातात मावेल असं धरा. आणि शक्यतो ज्यावर आधी लिहून झालेलं नाही ते. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर सगळ्यांना माहितीय, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान विरूबाई भोसल्यांनी बांधली, शिलालेख आहे, व्हिडिओ तर ढिगानं आहेत, तिच्यावर अजून एक रिपोर्ट लिहून काय मिळणार? त्याच रस्त्याला तुमच्या गावाबाहेर झाडीत गेलेली जी बिननावाची विहीर आहे ना, जिच्यात लोक कचरा टाकतात, ती घ्या. तिची मापं कोणीच घेतलेली नाहीत.

विषय निवडताना अजून एक बघा की आपण परत परत वाडा, किल्ला आणि देऊळ यातच अडकतोय का. गावात बौद्ध वस्तीत समाजमंदिर कधी उभं राहिलं, महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर किंवा ५६ च्या धर्मांतरानंतर गावात काय काय बदललं, जलशात कोण गायचं, पालावरची माणसं गावाच्या कुठल्या बाजूला उतरायची, बायका पाणी कुठून आणायच्या, हा पण स्थानिक इतिहासच आहे आणि याचे कागद कमी असल्यामुळे इथं तुमच्या कामाची किंमत जास्त आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली तेव्हा कित्येकांना तो इतिहास वाटतच नव्हता, आज त्या एक लाखाच्या वर ओव्या आहेत आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. नाव आणि गाव, हे लक्षात ठेवा, पुढं परत येणारे मी त्यावर.

ओजेटी कुणाकडे करायची

इथं सगळ्यात जास्त गोंधळ असतो. कॉलेजला एक संस्था लागते जी तुमचे तास आणि काम सहीनिशी सांगेल. मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात, पुण्यात राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, मुंबईत एशियाटिक सोसायटी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजबबंगला. शिवाय राज्य सरकारच्या पुराभिलेख संचालनालयाची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. वारसा जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅक संस्थेचे चॅप्टर पण बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. गोव्यातल्या मुलांसाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे, तिथं पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी लिपीतले जुने मराठी कागदही आहेत, आणि बडोदा नाहीतर तंजावरकडं राहणाऱ्या मराठी मुलांनी तर ही संधी सोडूच नये, दोन्हीकडं मोडीचे ढीग आहेत आणि तिथं वाचणारी माणसं कमी.

पण माझं मत विचाराल तर पहिल्यांदा तालुक्याच्या वाचनालयात जा. आपल्याकडं वाचनालयं फार जुनी आहेत, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा ठिकाणी, आणि यांच्यापेक्षा कितीतरी लहान वाचनालयांतही, जुनी सभासद रजिस्टरं, सभांची इतिवृत्तं, देणगीदारांच्या याद्या, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक असं बरंच काही कपाटाच्या वर बांधून ठेवलेलं असतं. पहिली बाई सभासद कधी झाली, कुठल्या जातीच्या लोकांना कधीपासून पुस्तकं मिळायला लागली, चळवळीच्या काळात सभेत काय ठराव झाले, हे सगळं त्यात सापडू शकतं. ग्रंथपालांना पण मदत हवी असते, तिथं तुम्हाला प्रेमानं वागवतात आणि खरं काम देतात. मोठ्या संस्थेत कधीकधी काय होतं की पंधरा इंटर्न एकदम येतात आणि तुमच्या वाट्याला नुसती खुर्ची येते. पतसंस्था, दूध संघ, ग्रामपंचायत, जुनी शाळा यांनाही विचारता येतं, फक्त विभागप्रमुखांकडून आधी मंजूर करून घ्या. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी नसतो, एसटीचे पैसे सुद्धा स्वतःचेच जातात, हे धरून चाला. आणि उलट तुमच्याकडूनच फी घेऊन ‘हेरिटेज इंटर्नशिप’चं ऑनलाईन सर्टिफिकेट देणारे जे असतात त्यांच्या नादी लागू नका.

अर्ज करताना मुलं एकतर पानभर आत्मचरित्र लिहितात नाहीतर व्हॉट्सॲपवर नुसतं ‘सर इंटर्नशिप पाहिजे’ असं टाकतात. समोरच्याला तीनच गोष्टी कळायला हव्यात, तुम्हाला नेमकं काय बघायचंय, त्यांच्या वस्तूंना धोका नाही ना, आणि त्यांना काय मिळणार. म्हणजे साधारण असं:

‘मा. ग्रंथपाल यांस, मी अमुक महाविद्यालयात एम.ए. इतिहास भाग १ मध्ये शिकते. ओजेटीसाठी मला आपल्या वाचनालयाची १९५० पर्यंतची सभासद रजिस्टरं आणि इतिवृत्तं पाहून त्यांची सूची करायची आहे. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत मी येईन. कुठलंही रजिस्टर वाचनालयाबाहेर नेणार नाही आणि परवानगीशिवाय फोटो काढणार नाही. काम झाल्यावर सूचीची एक छापील प्रत आणि स्कॅन वाचनालयाला देईन. सोबत विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडली आहे.’

एवढं पुरे. प्रत्यक्ष जाऊन द्या, दोन दिवसांनी फोन करा, नुसत्या ईमेलच्या भरवशावर बसू नका.

फील्डवर जायच्या आधी

दोन-तीन दिवस बसून वाचन करा. इंग्रजांच्या काळातले बॉम्बे प्रेसिडेन्सीचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, कॅम्पबेलनं संपादन केलेले, रत्नागिरीचं १८८०, ठाण्याचं १८८२, पुणे आणि साताऱ्याचं १८८५, हे सगळे ऑनलाईन फुकट मिळतात, त्यात शेवटी गावांची यादी असते, आपलं गाव किंवा शेजारचं मोठं गाव शोधा. पण ते लिहिणारे साहेब होते आणि त्यांना माहिती देणारे गावातले ठरावीक लोक होते, तेव्हा तिथं जे नाही ते गावात नव्हतंच असं समजू नका. मग राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाचे नंतरचे गॅझेटियर बघा, कोणी एम.फिल. पीएच.डी. केलीय का ते विद्यापीठाच्या लायब्ररीत बघा, आणि मंदिराच्या नाहीतर शाळेच्या शताब्दीच्या स्मरणिका शोधा. या स्मरणिका कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतात पण गावात कोणाच्या तरी माळ्यावर असतातच आणि त्यातल्या जाहिराती सुद्धा बघण्यासारख्या असतात, गावात कुठली दुकानं होती ते त्यातून कळतं.

गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. जुन्या नकाशावर गावठाण, ओढे, गाडीवाटा, देवस्थान इनामाच्या जमिनी कळतात, आणि बरेचदा शेताच्या नावातच माहिती दडलेली असते, ‘घोडेपागा’, ‘बाजारतळ’, ‘जोगणीचं शेत’ असली नावं वहीत लिहून ठेवा.

दगडाची नोंद

आता वीरगळाचंच उदाहरण घेते कारण ते बहुतेक गावात असतात, मारुतीच्या देवळामागं नाहीतर वेशीजवळ नाहीतर पाराला टेकवलेले. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत बहुतेक पडलेला वीर किंवा लढाई, गायी असतील तर गोधन वाचवताना मेला असं समजतात, त्याच्या वर लढाई किंवा अप्सरा त्याला घेऊन जातायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलीय. तसंच गाढवाचं चित्र असलेला गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड), हात कोरलेली सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा दगड), हे पण ओळखायला शिका.

नोंद कशी करायची? नमुना देते:

‘वीरगळ क्र. ३. मारुती मंदिराच्या मागं, पिंपळाच्या पाराला टेकवलेला. काळा पाषाण. जमिनीवर दिसणारी उंची ११० सेंमी, रुंदी ४५, जाडी १८, खालचा भाग मातीत. तीन चौकटी. खालच्या चौकटीत आडवा पडलेला पुरुष, मागं तीन गायी. मधल्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला पुरुष दोघांशी लढताना, ही चौकट निम्मी ऑईलपेंटनं झाकली आहे. वरच्या चौकटीत मध्ये शिवलिंग, डावीकडं हात जोडून बसलेला पुरुष, उजवीकडं पुजारी. माथ्यावर चंद्र-सूर्य. अक्षरं दिसत नाहीत. पूर्वी वेशीजवळ होता, जीर्णोद्धाराच्या वेळी इथं आणला असं पुजाऱ्यांनी सांगितलं.’

बघा, यात कुठंही ‘यादवकालीन’ लिहिलेलं नाही, ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘वैभवशाली’ पण नाही. दिसलं ते लिहायचं, मोजलं ते लिहायचं, ऐकलं ते कोणाकडून ऐकलं त्यासकट लिहायचं. काळ ठरवायचं काम जाणकारांना दाखवून मग. दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय तर सोडाच.

फोटो काढताना आधी लांबून आजूबाजूच्या जागेसकट, मग पूर्ण दगड समोरून, मग प्रत्येक चौकट, आणि प्रत्येक फोटोत एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. दगडावर अक्षरं असतील तर भर दुपारी काहीच दिसत नाही, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी तिरप्या उन्हात जा, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या अगदी बाजूला धरून उजेड सपाट मारा आणि टॉर्चची बाजू बदलत पाच-सहा फोटो घ्या, जे डोळ्यांना नुसतं खडबडीत वाटत होतं त्यातून ‘स्वस्ति श्री’ उमटून येतं, तो क्षण फार भारी असतो. पण अक्षरात खडू, पीठ, रांगोळी, तेल भरायचं नाही, शेंदूर खरवडायचा नाही, तारेच्या ब्रशनं घासायचं नाही, दगड हलवायचा नाही. कागदी ठसा घ्यायचं काम ज्याला येतं त्यानंच करायचं. शेंदूर लावलेला दगड लोकांचा देव आहे, तेव्हा चपला बाहेर आणि आधी विचारून.

स्मारक केंद्राच्या पुरातत्व खात्याकडं असेल तर हातातल्या मोबाईलनं फोटो चालतात पण ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते. कुठंही उकरायचं नाही, अगदी थोडं सुद्धा नाही. कुणाच्या शेतात नाणी नाहीतर दागिने सापडलेत असं कळलं तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते त्या शेतकऱ्याला शांतपणे सांगा आणि तुमच्या मॅडम-सरांना कळवा, फोटो ग्रुपवर टाकू नका.

कागद

गावाचा कागद शोधायचा तर आधी जवळचा शोधा. शाळेचं जनरल रजिस्टर, त्यात ‘शाळा सोडल्याचं कारण’ असा रकाना असतो, तो नुसता उतरवून काढला तरी गावातून लोक कधी आणि कुठं गेले याचा अंदाज येतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार आणि कडईपत्रक असे जमिनीचे कागद, आणि कोतवालानं ठेवलेलं जन्म-मृत्यूचं रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा याच रजिस्टरांसाठी मोडी वाचणारी माणसं तालुक्यातालुक्यात शोधत होते. तिथं जाताना कॉलेजचं पत्र न्या आणि लक्षात ठेवा की त्यात लोकांच्या जाती, जमिनी, वारस सगळं आहे, एखाद्याच्या घरचं काही दिसलं तर ते बाहेर बोलायचं नाही.

मग पुराभिलेखागार. पुण्याच्या पेशवे दप्तरात काही कोटी मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेत, १९३० च्या दशकात गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक ४५ खंडांत छापले, तेव्हा पहिल्यांदा छापील खंडांत आपल्या गावाचं नाव शोधा, ते सोपं. प्रत्यक्ष रुमाल बघायचा तर गाईडचं पत्र, ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज लागतो, आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या, हात धुवून बसा, पान उलटताना थुंकी लावायची सवय असेल तर आजच मोडा. सरकारी कागद साधारण तीस वर्षांपेक्षा जुने असले तरच संशोधनाला मिळतात.

मोडी यायलाच पाहिजे का? १२० तासांत सफाईनं येणार नाही, पण पुराभिलेख संचालनालय, काही विद्यापीठं आणि संस्था वेळोवेळी वर्ग घेतात, ओजेटीच्या आधीच्या सुट्टीत एक करून टाका. अक्षरं लागायला लागली की तारखा तरी वाचता येतात, आणि तारखा वाचता आल्या की अर्धं काम होतं.

तारखांचं थोडं नीट सांगते कारण इथं सगळे अडखळतात. शके असेल तर ७८ मिळवायचे, पण पौष, माघ, फाल्गुनात बहुतेक इंग्रजी वर्ष बदललेलं असतं मग ७९. पानिपत झालं शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. ७८ मिळवले तर १७६० येईल आणि चुकेल, ७९ मिळवले की १७६१, १४ जानेवारी. मोडी कागदात बरेचदा शुहूर सन असतो आणि तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत आणि उलटा, म्हणजे ‘इहिदे सितैन मया व अलफ’, इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, झाले ११६१, त्यात ५९९ मिळवा, १७६०, आणि हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं म्हणून १७६०-६१ असं लिहायचं. म्हणजे परत पानिपताचंच वर्ष. फसली सनाला ५९०. हे एका कागदावर लिहून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. वहीत मूळ तारीख जशी आहे तशी आधी, मग तुमचं रूपांतर, दोन्ही लिहा.

लोकांच्या घरात सनदा, जुने फोटो, हिशेबाच्या वह्या निघतात. मूळ कागद कधीही घरी घेऊन यायचा नाही, त्यांनी ‘न्या की, आमच्या काय कामाचा’ म्हटलं तरी नाही, तिथंच बसून उजेडात फोटो काढायचे आणि प्रिंट त्यांना नेऊन द्यायची. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकमध्ये ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा एवढं सांगून या.

माणसं

मला स्वतःला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं, कारण कागद अजून दहा वर्षांनी पण कदाचित सापडेल. ‘मुलाखत घ्यायचीय’ म्हटलं की लोक आखडतात. ओळखीच्या कुणाला तरी सोबत घेऊन जा, पहिल्या दिवशी रेकॉर्डर काढूच नका, चहा घ्या, कोणाची कोण ते सांगा, ‘आजी, तुमच्याकडून जुन्या गोष्टी ऐकायच्यात, कॉलेजचं काम आहे, परत कधी येऊ?’ एवढंच. आणि घरात आजोबा असले की सगळे प्रश्न आजोबांनाच जातात आणि आजी आतून त्यांच्या चुका दुरुस्त करत असतात, तेव्हा आजींसाठी वेगळी वेळ काढा, दुपारी कामं आटपल्यावर.

‘तेव्हाची परिस्थिती कशी होती?’ असं विचारलं की ‘लई गरिबी होती बघ’ असंच उत्तर येणार. त्यापेक्षा बाजाराला कसं जायचात, चालत का बैलगाडीनं, किती वाजता निघायचात, डोक्यावर काय असायचं, विकून काय आणायचात, असं एकेक विचारा. माणूस एकदा त्या रस्त्याला लागला की पुढचं आपोआप सांगतो, मग मध्ये बोलू नका. घड्याळाकडं बघू नका.

साल कोणालाच आठवत नाही आणि ते विचारायचंही नाही. आपल्याकडं खुणा आहेत ना. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर?’ हे राज्यात जवळजवळ कुठंही चालतं. पुण्यात पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. सातारा, कराड, चिपळूणकडं कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. मराठवाड्यात रझाकार आणि पोलीस ॲक्शन, सप्टेंबर १९४८, आणि लातूर-धाराशिवला किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. गिरणगावात १९८२ चा संप. गोव्यात डिसेंबर १९६१. ‘भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालेलं का? थोरला किती होता?’ असं विचारत गेलं की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतं. फील्डवर जायच्या आधी आपल्या गावाच्या अशा आठ-दहा खुणांची यादी करा, पूर, साथ, पहिली एसटी, वीज आली ते साल, धरणाचं पाणी, शाळा.

मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्ड करा, पंखा शक्य असेल तर बंद, सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते आवाजात घ्या. संमतीपत्र सोप्या मराठीत हवं आणि वाचून दाखवायचं, त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा, नाव छापायचं का, आवाज इतरांना ऐकवायचा का, का फक्त लिहिलेलं वापरायचं. सही येत नसेल तर रेकॉर्डिंगवरच हो म्हणवून घ्या. सांगून झाल्यावर ‘ते तेवढं लिहू नकोस’ म्हणाले तर लिहायचं नाही, विषय तिथंच संपला. बाकी जिथं हरकत नसेल तिथं मात्र सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लावाच, मघाशी ओव्यांचं सांगितलं ते याचसाठी, त्यांनी दिलेली माहिती तुमच्या नावावर खपवायची नाही.

एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार ते सहा तास लागतात, त्यामुळं चार-पाच मुलाखती भरपूर झाल्या. उतरवताना बोली सुधारू नका, अहिराणी अहिराणीत, मालवणी मालवणीत, वऱ्हाडी वऱ्हाडीतच राहू द्या.

अवघड जागा

प्रत्येक गावात एखादी गोष्ट असते की महाराज इथं मुक्कामाला होते, इथून भुयार थेट किल्ल्यापर्यंत जातं, देवी अमुक घराण्यालाच पहिल्यांदा दिसली. याला खोटं म्हणायचं नाही आणि खरंही म्हणायचं नाही. कोणी सांगितलं, त्यांना कोणी सांगितलं, दुसऱ्या आळीत वेगळं सांगतात का, हे लिहायचं, आणि खाली वेगळ्या परिच्छेदात लिहायचं की अमुक अमुक छापील खंड आणि कागद पाहिले, त्यात याचा उल्लेख मिळाला नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहू देत. मानपान, पालखी कुणाची पुढं, देवस्थानची जमीन, यावर गावात कोर्टकेस चालू असेल तर कोणतीतरी एक बाजू तुमच्या रिपोर्टचा पुरावा करायला बघेल, तेव्हा गाईडला विचारल्याशिवाय कुणालाही लेखी काही द्यायचं नाही. फक्त एकाच आळीत, एकाच समाजाच्या घरांत फिरून ‘गावाचं म्हणणं’ असं लिहायचं नाही, हे तर मी मार्क देताना पहिलं बघते.

आणि सुटी शिल्पं, वीरगळ, मूर्ती यांचं अचूक लोकेशन रील्समध्ये टाकू नका, चोऱ्या होतात. ते लोकेशन रिपोर्टच्या वेगळ्या पानावर ठेवा आणि पुरातत्व विभागाच्या सहायक संचालकांच्या कार्यालयाला कळवा.

गावाला परत द्यायचं

रोजच्या रोज अर्धं पान लिहा, कुठं गेलो, कोणाला भेटलो, काय मिळालं, काय मिळालं नाही. लॉगबुकवरची सही आठवड्याला घ्या, शेवटी एकदम नको. फाईलला नाव देताना गाव, विषय, तारीख, क्रमांक असं द्या, ‘नवीन फायनल २’ असलं काही नको. दोन ठिकाणी बॅकअप ठेवा, एक ड्राईव्हवर आणि एक पेनड्राईव्हमध्ये.

रिपोर्ट कॉलेजला जाईल तो जाईल, पण गावासाठी काहीतरी वेगळं करा ज्याला फार वेळ लागत नाही. जत्रेत नाहीतर २६ जानेवारीला शाळेत फोटोंची आठ-दहा पॅनल लावा, मोठ्या अक्षरात, एका पॅनलवर चार ओळींच्या वर मजकूर नको. लोक येतात, बोट लावून सांगतात की हा माझा चुलता, हे साल चुकलंय, ही विहीर आमच्या पणज्यानं उपसली होती, तेव्हा एका टेबलवर कोरी वही आणि पेन ठेवा, अशा दिवशी जे मिळतं ते महिनाभर दारोदार फिरून मिळत नाही. गावातल्या पोरांना घेऊन तासाभराचा फेरफटका काढा, वेशीपासून बारवेपर्यंत, ज्यांची मुलाखत घेतली त्यांनाच एखाद्या ठिकाणी बोलायला उभं करा. स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतात, मराठी विकिपीडियावर लेख पण लिहिता येतो, फक्त तिथं आधी प्रसिद्ध झालेले संदर्भ लागतात, तुमची ताजी मुलाखत चालत नाही.

शेवटी प्रती. रिपोर्टच्या किमान चार प्रती काढा, एक कॉलेजला, एक जिथं ओजेटी केली त्यांना, एक तालुका वाचनालयाला, एक गावच्या शाळेला नाहीतर ग्रामपंचायतीला. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना त्यांची त्यांची पानं आणि एक चांगला फोटो घरी नेऊन द्या. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर काय काय बघायचं राहिलं ते लिहा, कुठलं रजिस्टर उघडलं नाही, कुठल्या आजी आजारी होत्या म्हणून भेटल्या नाहीत, कुठल्या दगडावरची अक्षरं लागली नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बॅचला तिथून सुरू करता येईल. वाचनालयात आणि ग्रामपंचायतीत प्रत देताना आवक रजिस्टरला नोंद करायला लावा, पोच घ्या आणि ती पोच ओजेटीच्या फाईलला लावा.